कॉस्मोलॅटिस वापरून पाहिलं: फुकट, दणकट आणि थोडं मुकं

निकाल आधीच सांगून टाकते. कॉस्मोलॅटिस हे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळातली क्षेत्रं (क्षेत्र म्हणजे अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला मूल्य असलेली राशी) संगणकातल्या बिंदूंच्या जाळीवर सोडून पाहण्याचं सॉफ्टवेअर. पैसे पडत नाहीत, कोड उघडा आहे, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माझ्या हाती आलेल्या साधनांत याच्याइतकं कामाचं दुसरं नाही. पाचातले चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच, आणि खरं तर हा सगळा रिव्ह्यू त्या एका ताऱ्यासाठीच लिहिते आहे.

मी कोल्हापुरात फिजिक्स शिकवते. आमच्या डिपार्टमेंटला सुपरकॉम्प्युटर नाही. आठ जीबीचे डेस्कटॉप आहेत, लिनक्स आहे, आणि भाग दोनची हौशी पोरं-पोरी आहेत. हे मत त्या परिस्थितीतलं. ज्यांच्या हाताशी क्लस्टर आहे त्यांचा अनुभव वेगळा असणार.

हे लागतं कशाला? इन्फ्लेशन, म्हणजे विश्वाचं सुरुवातीचं झपाट्याचं फुगणं, संपलं की ते घडवणारं इन्फ्लॅटॉन हे क्षेत्र आपल्या विभवाच्या (पोटेन्शियलच्या) तळाशी मागेपुढे हेलकावे खायला लागतं. त्याच्याशी जोडलेली दुसरी क्षेत्रं त्या हेलकाव्यांनी पिसाळतात आणि थंड, रिकाम्या विश्वात कणांचा पूर येतो. याला प्रीहीटिंग म्हणतात. कोफमन, लिंडे आणि स्टारोबिन्स्की यांनी १९९४ साली हे चित्र नीट मांडलं. सुरुवातीची वाढ कागदावर सोडवता येते. पण कण इतके वाढले की ते उलटून इन्फ्लॅटॉनलाच ढकलायला लागले, की कागद-पेन्सिल संपते. तिथून पुढे जाळीच. खलेबनिकोव्ह आणि त्काचेव यांनी १९९६ मध्ये तसं करून दाखवलं, २००० साली फेल्डर आणि त्काचेव यांनी लॅटिसईझी नावाचा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला, आणि २०२१ मध्ये फिगेरोआ, फ्लोरिओ, टोरेंटी आणि व्हाल्केनबर्ग या चौघांनी कॉस्मोलॅटिस आणलं.

बसवण्याबद्दल. भाषा सी प्लस प्लस. सीमेक आणि फुरिए रूपांतराची एफएफटीडब्ल्यू लायब्ररी असली की सुरुवात होते. प्रत्येक मॉडेलची एक हेडर फाइल, ते मॉडेल निवडून कंपाइल करायचं, मग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आकडे भरून रन लावायचा. आकडे बदलले तर पुन्हा कंपाइल नको, विभव बदललं तर हवं. कंपाइलला वेळ लागतो, तेवढ्यात एक चहा आरामात होतो. कोड टेम्प्लेटांवर उभा असल्यामुळे लिहिताना समीकरणं जवळजवळ वहीतल्यासारखी दिसतात, हे फार सुखाचं. पण एखादा कंस चुकला की एररचा जो पाढा सुरू होतो, तो पाहून पोरं खुर्ची मागे सरकवतात. मी त्यांना सांगते, वरची पहिली ओळ वाचा, खालच्या दोनशे विसरा.

आणखी एक: विभवाचे पहिले आणि दुसरे डेरिव्हेटिव्ह आपणच हाताने काढून लिहायचे असतात. काहींना हे जुनाट वाटतं, मला आवडतं. पहिला डेरिव्हेटिव्ह चुकला तर ऊर्जेचा ताळा जमत नाही. प्रोग्राम दर थोड्या वेळाने हा ताळा वेगळ्या फाइलीत लिहितो. प्रसरण चालू असेल तर त्याचा वेग सांगणाऱ्या फ्रीडमनच्या समीकरणाची डावी-उजवी बाजू ताडून पाहतो. माझा नियम असा की आधी ती फाइल दाखवा, रंगीत आलेख नंतर.

आता पहिला रन. सोबत दिलेलं उदाहरण चौथ्या घाताच्या विभवाचं आहे. विभवाचा जोर ठरवणारा लॅम्डा म्हणजे ९ गुणिले १० चा उणे १४ वा घात, दुसऱ्या क्षेत्राशी असलेल्या जोडणीचं माप क्यू १००, जाळी ३२ च्या घनाची. (हे विभव प्लँक उपग्रहाच्या मोजमापांत बसत नाही, म्हणजे आपलं विश्व काही असं नव्हतं. पण शिकायला याच्यासारखं नाही, कारण प्रसरण जवळपास पूर्णपणे समीकरणातून काढून टाकता येतं.) क्यू १०० ही निवड उगाच नाही. या मॉडेलमध्ये लांब तरंगांचा अनुनाद (रेझोनन्स, हेलकाव्यांशी जुळून होणारी वाढ) क्यूच्या ठरावीक पट्ट्यांत होतो: १ ते ३, ६ ते १०, १५ ते २१, असं करत ९१ ते १०५. शंभर त्या शेवटच्या पट्ट्यात, आणि वाढ जिथे सर्वांत जोरात होते त्या ९८ च्या अगदी शेजारी. तिथे वाढीचा घातांक ०.२३७ च्या आसपास येतो. कणांची संख्या याच्या दुपटीने वाढते, म्हणजे प्रोग्रामच्या वेळेची पन्नास एककं गेली की सुमारे दोन हजार कोटी पट. पोरांना आधी कॅल्क्युलेटरवर हा आकडा काढायला लावायचा आणि मग रन लावायचा. आलेखावर दुसऱ्या क्षेत्राच्या वर्गाची सरासरी जमिनीला चिकटून असते, मग लॉग-अक्षावर सरळ रेघ चढते, आणि एका जागी अचानक वाकते. रेघ वाकते तिथे कण इन्फ्लॅटॉनला भारी पडलेले असतात. क्यू ८५ केला की पट्टा सुटतो. सगळ्यात लांब तरंगांची वाढ थंडावते आणि उभार पुढच्या तरंगसंख्येकडे (लहर जितकी बारीक, तितकी ही मोठी) सरकतो. कागदावरचं गणित आणि मशीन एकमेकांना दुजोरा देतात तो हा क्षण, आणि याच्यासाठी मी दरवर्षी हेच उदाहरण पहिलं ठेवते.

मागे एका व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक आलेख बघून म्हणाले, "छान आहे, पण यात क्वांटम कुठंय? तुम्ही तर नुसती क्लासिकल समीकरणं सोडवताय." विद्यार्थिनी गप्प झाली. प्रश्न मात्र शंभर टक्के रास्त होता, आणि तेव्हापासून मी त्याचं उत्तर रनमध्येच बसवलंय.

ते असं. इनपुट फाइलमध्ये सुरुवातीच्या लहरींना वरची मर्यादा देता येते: अमुक तरंगसंख्येपुढच्या लहरी सुरुवातीला शून्य. ही मर्यादा जाळीच्या पेटीत मावणाऱ्या सर्वांत लहान तरंगसंख्येच्याही खाली ओढा. म्हणजे एकाही लहरीला सुरुवातीचा धक्का मिळणार नाही. बाकी सगळं तसंच ठेवून रन लावा. काही होत नाही. इन्फ्लॅटॉन मागेपुढे, मागेपुढे. दुसरं क्षेत्र शून्य ते शून्यच. विश्व कितीही वेळ असंच झुलत राहील आणि एक कण जन्माला येणार नाही, कारण क्लासिकल समीकरणात शून्याला कितीही मोठ्या आकड्याने गुणलं तरी शून्यच. आता मर्यादा पुन्हा वर न्या. दोन हजार कोटी पटीची वाढ ज्या बीजातून झाली ते निर्वाताचं अर्धं क्वांटम होतं, म्हणजे रिकाम्या अवकाशातही उरणारी किमान ऊर्जा, प्रत्येक लहरीमागे अर्धं. क्वांटम तिथे आहे, सुरुवातीच्या ओळीत, आणि तिथेच आहे. प्रोग्राम प्रत्येक लहरीसाठी एक यादृच्छिक आकडा काढतो, ज्याचा सरासरी वर्ग निर्वाताच्या क्वांटम चढउताराइतका असतो, आणि मग क्लासिकल समीकरणांच्या हवाली करतो. या यादृच्छिक आकड्यांच्या बीजाचा (सीडचा) क्रमांक बदलला की पेटीतले डोंगर-दऱ्या वेगळ्या जागी येतात, पण वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगसंख्येला किती जोर याचा हिशेब, तोच राहतो. हेही करून बघावं, पोरांना गंमत वाटते.

हे चालतं कसं? दोन कारणं आहेत. पहिलं: लहरी लहान आहेत तोवर समीकरण रेषीय असतं, आणि रेषीय समीकरणात असा क्लासिकल लॉटरीचा खेळ क्वांटमच्या सरासऱ्या अगदी अचूक देतो. अंदाजे नव्हे, तंतोतंत. दुसरं: लहरी मोठ्या होऊन एकमेकींत मिसळायला लागतात तोवर प्रत्येकीत कणांची संख्या अफाट झालेली असते. आमच्याकडच्या गुळाच्या सौद्यात हजारो रवे उतरले असताना एक रवा इकडचा तिकडे झाला म्हणून दर हलत नाही. इथेही अब्जावधी कणांत एकाच्या फरकाने, म्हणजे स्थान आणि संवेग यांचा क्रम उलटवल्याने जो फरक पडतो त्याने, काही बिघडत नाही. इन्फ्लेशनमध्येच लहरी कशा इतक्या पिळल्या जातात की त्या क्लासिकल वाटायला लागतात, हे पोलार्स्की आणि स्टारोबिन्स्की यांनी १९९६ मध्ये लिहिलं होतं. त्याच वर्षी जाळीवरचं काम यावं हा योगायोग नसावा असं मला वाटतं.

पूर्ण क्वांटम का नाही करत, असं विचारणारे असतातच. हिशेब करा. फक्त दहा बिंदूंची जाळी घ्या, प्रत्येक बिंदूवर क्षेत्राच्या दहाच पातळ्या. अवस्था लिहायला १० चा १० वा घात इतके जटिल आकडे, म्हणजे १६० जीबी. आणि आपल्याला हवे आहेत कोट्यवधी बिंदू. विषय संपला.

आता तो कापलेला तारा. जाळीला तळ असतो: दोन बिंदूंमधल्या अंतराहून बारीक लहर तिच्यात मावत नाही. त्या बारीक टोकाला बसलेल्या लहरींना अनुनाद कधी मिळालेलाच नसतो. त्यांच्यात अजून ते सुरुवातीचं अर्धं क्वांटमच असतं. खऱ्या निर्वातात ती ऊर्जा कुणाला देता येत नाही, घेताही येत नाही. पण क्लासिकल समीकरणाला हे ठाऊक नाही! त्याच्या लेखी ती चांगली खरी लहर आहे, इतर लहरींशी टक्कर घेणारी, ऊर्जेची देवघेव करणारी. रन लांबवत नेला की आणखी मोठं संकट. क्लासिकल क्षेत्र शेवटी प्रत्येक लहरीला सारखी ऊर्जा वाटायला निघतं. म्हणजे रॅली-जीन्सचा तोच जुना घोटाळा, जो प्लँकच्या १९०० सालच्या क्वांटमनेच मिटतो. जाळी जितकी बारीक, तितकी ऊर्जा बारीक टोकाला वाहून जाणार. अशा रनमधून "विश्वाचं अंतिम तापमान" काढलं तर ते विश्वाचं नसतं, तुमच्या जाळीचं असतं.

कॉस्मोलॅटिस याबद्दल रन चालू असताना चकार शब्द काढत नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, हे खरं. पण शंभरावर पानांचं मॅन्युअल कोण किती वाचतं ते मला माहीत आहे. वर्णपटाच्या फाइलीत प्रत्येक तरंगसंख्येपुढे कणांची संख्या तशीही लिहिता येते. ती एकाच्या आसपास असताना त्या ओळीला एखादी खूण, नाहीतर शेवटी एक सूचना, एवढं सहज करता आलं असतं. सध्या ते काम मार्गदर्शकाचं. आमच्याकडे दोन चाचण्या सक्तीच्या आहेत: सुरुवातीची वरची मर्यादा थोडी हलवून रन पुन्हा, आणि जाळी दुप्पट करून पुन्हा. वर्णपटाचा जो भाग दोन्हींत जागचा हलला नाही तोच अहवालात जातो. उरलेला भाग राखाडी रंगात.

याहून नाजूक जागा म्हणजे बोगदा, क्वांटम टनेलिंग. एका खोट्या निर्वातात अडकलेलं क्षेत्र, मधे भिंत, पलीकडे खोल दरी. क्षेत्र भिंतीतून पलीकडे जाऊन बुडबुडा फुगवतं. २०१९ मध्ये ब्रेडन, जॉन्सन, पीरिस, पाँटझेन आणि वाइनफर्टनर यांनी हेच क्लासिकल जाळीवर करून पाहिलं: सुरुवातीला निर्वाताचे चढउतार, मग साधी समीकरणं. बुडबुडे आले! दर नेहमीच्या क्वांटम गणिताच्या जवळपास निघाला. त्यावर हर्ट्झबर्ग आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. त्यांचं म्हणणं, हा जवळपासपणा वरवरचा आहे, नीट मोजलं तर क्लासिकल पद्धतीचा दर वेगळा, जास्त येतो. मला दुसरी बाजू पटते, आणि कारण साधं आहे. क्लासिकल क्षेत्र भिंतीच्या आतून जाऊच शकत नाही. जाळीवर जे पलीकडे गेलं ते वरून गेलं, कारण लॉटरीत त्याच्या वाट्याला सुरुवातीलाच जास्त ऊर्जा आली होती. पलीकडे पोचलं म्हणून वाट तीच होती असं थोडंच आहे? तरी पहिल्या गटाचं काम फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. बुडबुडे कुठे, किती जवळजवळ येतात असे प्रश्न नेहमीच्या गणिताला विचारताच येत नाहीत, ते त्यांनी विचारले. कॉस्मोलॅटिसवर कुणी टनेलिंगचा प्रोजेक्ट मागितला तर मी देते, पण शीर्षकात "तुलना" हा शब्द हवा अशी अट घालते.

आणि एक गोष्ट कुठल्याच जाळीतून मिळत नाही. प्रत्येक रन तुम्हाला एक पक्कं विश्व देतो, इथे डोंगर, तिथे दरी. क्वांटम सिद्धांत मात्र सगळ्या शक्यता एकत्र धरून बसलेला असतो. त्यातून आपल्या वाट्याला एकच कशी आली, यावर प्रोग्राम काही बोलत नाही, बोलूही शकत नाही. बीजाचा क्रमांक आपणच टाइप केलेला असतो. बेलची असमता (क्लासिकल आकड्यांना ओलांडता न येणारी मर्यादा) मोडण्यासारखी खास क्वांटम खूण तर क्लासिकल लॉटरीतून निघणारच नाही.

मशीनबद्दल व्यवहाराचं बोलू. दोन क्षेत्रं, प्रत्येकाचा संवेग, म्हणजे चार याद्या. २५६ च्या घनाला एक यादी साधारण १३४ एमबी, चार मिळून अर्ध्या जीबीच्या थोडं वर. ५१२ ला हेच सव्वाचार जीबी. म्हणजे आठ जीबीत ५१२ कसंबसं बसतं, ब्राउझर बंद करून. २५६ आमच्याकडे रात्री लावून सकाळी बघण्याची गोष्ट आहे. जाळी वाढवली की काळाची पायरी लहान करायला विसरू नका: उदाहरणातली ०.०१ ही पायरी २५६ ला चालते, पण पेटी तेवढीच ठेवून ५१२ केलं की ती स्थिरतेची मर्यादा ओलांडते आणि आकडे उसळ्या घ्यायला लागतात. समीकरण पुढे ढकलण्याच्या पद्धती दुसऱ्या क्रमापासून दहाव्या क्रमापर्यंत आहेत. दहाव्याची अचूकता डोळे दिपवणारी, पण आमच्या कामाला दुसरा किंवा चौथा पुरतो. मधेच लाईट गेली तर काय? रन जिथे थांबला तिथून उचलण्याची सोय आहे, मात्र एचडीएफ५ लायब्ररी बसवलेली हवी. ती आधीच बसवा. पावसाळ्यात प्रोजेक्ट करणाऱ्यांनी तर नक्कीच.

गुरुत्वीय लहरींचा भाग नंतर जोडला गेला आणि तो सुरेख जमलाय. स्मृती मात्र खातो: सहा घटक आणि त्यांचे संवेग, म्हणजे २५६ लाच आणखी दीड-पावणेदोन जीबी. इथे क्लासिकल पद्धतीवर माझा भरवसा जास्त आहे, कारण या लहरी ज्या उलथापालथीतून निघतात ती कणांनी खच्चून भरलेली असते, अर्ध्या-एका क्वांटमचा प्रश्नच नसतो. पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, हे औंढ्याला दिसेल का?" हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा होणार, २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, तेव्हापासून सगळ्यांना आशा. उत्तर नाही असं आहे. लायगो ऐकतं दहा-वीस हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत. प्रीहीटिंगच्या लहरी आजच्या घडीला कोटी हर्ट्झच्या घरात पोचतात. त्या पकडणारं यंत्र अजून कुणाकडे नाही. मुलं हिरमुसतात. मग मी त्यांना वारंवारता खाली आणायला इन्फ्लेशनची ऊर्जा किती कमी करावी लागेल ते काढायला बसवते, आणि पुढची दोन तासिका वर्ग शांत असतो.

घ्यायचं कुणी? एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाने आणि पीएचडीच्या नवख्यांनी बिनधास्त घ्यावं. सी प्लस प्लसशी अगदीच वैर असेल तर जुनं लॅटिसईझी वाचायला सोपं आहे, पूर्ण कोड एका बैठकीत डोळ्याखालून जातो, मात्र गेज क्षेत्रं (विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या जातीची) त्यात मिळत नाहीत. कॉस्मोलॅटिसमध्ये त्यांचे यू-१ आणि एसयू-२ हे दोन्ही प्रकार आहेत, आणि अशा क्षेत्रांनी सतत पाळायची गाउसची अट ते मशीनच्या अचूकतेइतकी पाळतं. त्यासाठी एवढा खटाटोप वसूल. बीएस्सीच्या पोरांना मात्र हे देऊ नका. त्यांनी एकाच लहरीचं समीकरण पायथॉनमध्ये स्वतः लिहावं, पन्नास ओळींत होतं, आणि क्यूचे पट्टे स्वतः शोधावेत. ९१ आणि १०५ ही टोकं हाती लागली की मग माझ्याकडे या, मशीन रिकामं असेल तर रात्रीचा रन मी लावून देईन.